चार्ल्स केटरिंग: इंजिनाला ठिणगीची वेळ लावून देणारा माणूस

गाडीचं बटण दाबलं की इंजिन सुरू. पण सव्वाशे वर्षांपूर्वी समोरून हँडल मारावं लागायचं. तेव्हा ठिणगी लवकर पडली, तर इंजिन उलटा झटका द्यायचं आणि मनगट मोडायचं. हा प्रश्न सोडवणारा माणूस म्हणजे चार्ल्स केटरिंग.

१८७६ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत, शेतकरी घरात त्याचा जन्म झाला. डोळ्यांच्या त्रासामुळे शिक्षण मध्येच सोडून त्याने टेलिफोन लाइनवर काम केलं. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची डिग्री मिळाली १९०४ मध्ये. नोकरीत त्याने दुकानातल्या गल्ल्याच्या मशीनला मोटर बसवली. १९०९ मध्ये एडवर्ड डीड्ससोबत डेल्को कंपनी काढली. कॅडिलॅकसाठी आधी बॅटरीवरचं इग्निशन दिलं, मग १९१२ च्या मॉडेलला सेल्फ स्टार्टर.

त्याच्या इग्निशनमध्ये पॉइंट उघडले की कॉइलमध्ये हाय व्होल्टेज तयार होतं. डिस्ट्रिब्युटरचा रोटर ते योग्य प्लगला पोचवतो. पेट्रोल जळायला थोडा वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचायच्या जरा आधीच ठिणगी हवी.

मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीतही हीच पद्धत होती. समजा, तशी एखादी जुनी गाडी किन्हीराजातल्या गॅरेजमध्ये आली. मिस्त्री आधी एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनमध्ये वर आणून टायमिंगची खूण जुळवणार. मग रोटरचं तोंड एक नंबरच्या वायरकडे ठेवून डिस्ट्रिब्युटर बसवणार आणि बाकीच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने लावणार. शेवटी बॉडी थोडी फिरवून टायमिंग सेट. रोटरच्या उलट दिशेला फिरवली की ठिणगी लवकर पडते. फार लवकर झाली, की इंजिन ठकठक करतं. तेच नॉकिंग.

याच नॉकिंगचा दोष लोक केटरिंगच्या इग्निशनला द्यायचे. ठिणगी उशिरा पाडली तर आवाज कमी व्हायचा, पण ताकदही जायची. त्याने इंधन बदलायचं ठरवलं. १९२१ मध्ये त्याच्या हाताखालच्या थॉमस मिजलीला उपाय सापडला: पेट्रोलमध्ये शिसं. नॉकिंग थांबलं, धंदा वाढला. पण शिसं विषारी आहे, हे तेव्हाही माहीत होतं. १९२४ मध्ये ते बनवणारे कामगार मेले, तरी काही काळ थांबून विक्री पुन्हा सुरू झाली. ते पेट्रोल विकणाऱ्या कंपनीचा पहिला अध्यक्ष केटरिंगच होता.

१९४७ पर्यंत तो जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख होता. १९५८ मध्ये वारला. भारतात शिसंवालं पेट्रोल २००० साली बंद झालं, जगात सगळ्यात शेवटी अल्जेरियात, २०२१ मध्ये.

आता बऱ्याच गाड्यांत नॉक सेन्सर ठकठक ऐकतो आणि ईसीयू ठिणगी लगेच थोडी मागे घेतो. मिस्त्री हाताने करायचा तेच काम, आता कोड करतो.