मेंढरांमागून आलेला सुभेदार

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला आमच्याकडे अजूनही एकच वाट दाखवली जाते. शाळा जमत नसेल तर मेंढरे वळायला जा, असे मास्तर म्हणतात, वडील म्हणतात, आणि ज्यांनी जन्मात एक मेंढरू हाकलेले नाही असे शेजारीही म्हणतात. ज्याला काहीच येत नाही त्याने करायचे ते हे काम, अशी आपली पक्की समजूत. मी हे ऐकत ज्या नगर जिल्ह्यात लहानाचा मोठा झालो, त्या जिल्ह्याला २०२४ साली अहिल्यादेवींचे नाव मिळाले. आणि त्या अहिल्यादेवींना घडवणारे त्यांचे सासरे, सुभेदार मल्हारराव होळकर, लहानपणी मेंढरेच वळत होते!

मल्हाररावांचा जन्म १६ मार्च १६९३ चा, नीराकाठच्या होळ गावचा. गावावरूनच होळकर हे आडनाव पडले. वडील खंडोजी मुलाच्या लहानपणीच वारले. आई पोराला घेऊन खानदेशात तळोद्याला भावाच्या आश्रयाला गेली. मामा भोजराज बारगळ हे सरदार कदम बांडे यांच्या पदरी स्वारांचे एक लहानसे पथक बाळगून होते. म्हणजे एकाच घरी एकीकडे मेंढरे आणि दुसरीकडे घोडी. भाचा आधी मेंढरांमागे गेला आणि पुढे मामाच्या पथकात स्वार झाला. मामाने आपली मुलगी गौतमाबाई त्याला दिली. पुढे पहिल्या बाजीरावांच्या नजरेत हा तरुण भरला आणि पेशव्यांच्या चाकरीत तो भराभर वर चढला.

या चढणीचे कारण म्हणून एक कथा सांगितली जाते. रानात झोपलेल्या मल्हारीच्या तोंडावर ऊन आले, तेव्हा नागाने फणा उभारून सावली धरली. आईने ते पाहिले आणि मुलगा राजा होणार हे घरच्यांनी ओळखले. ही कथा गोड आहे, पण मला ती नेहमी खटकते. नाग खरा की खोटा, हा प्रश्नच नाही. मेंढपाळाचा पोर स्वतःच्या ज्ञानावर एवढा मोठा होऊ शकतो, हे आपल्याला पटत नाही म्हणून आपण त्याच्या डोक्यावर नाग आणून बसवतो, हे खटकते. माझ्या मते मल्हाररावांची शाळा नागाच्या सावलीत नव्हे, भर उन्हात भरत होती. त्या शाळेत काय शिकवीत, ते पाहायचे तर धनगरांचा वाडा पाहावा.

दिवाळी सरली की कर्जत, जामखेड, पारनेरकडच्या रस्त्यांवर हे वाडे दिसू लागतात. वाडा म्हणजे घर नव्हे. चारसहा कुटुंबे आणि त्यांची मेंढरे मिळून जो चालता संसार होतो, तो वाडा. पुरुष काळ्या दख्खनी मेंढरांचा कळप घेऊन चरत चरत एका वाटेने जातात. बाया दुसऱ्या वाटेने घोडी घेऊन निघतात. घोडीच्या पाठीवर भांडी, वाकळा, वाघूर म्हणजे कोकरे कोंडायची जाळी, वर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि त्यांच्याही वर एखादे शेंबडे पोर. संध्याकाळी दोन्ही वाटा ठरल्या ठिकाणी मिळतात. तासाभरात चूल पेटते. सकाळी तासाभरात सगळे उचलले जाते आणि शेतात मागे राहते ते लेंडीखत, ज्यासाठी शेतकऱ्याने त्यांना रानात बसवून घेतलेले असते.

हे दिसते तितके सोपे नाही. वाड्यातला जाणता माणूस मुक्कामाच्या आधीच पुढची जागा पाहून येतो. गवत किती दिवसांचे आहे, पाणी कुठे आहे, कोणत्या गावचा पाटील भला आणि कुठे कुत्री अंगावर येतात, हे त्याच्या डोक्यात असते. शेकडो जनावरांचा कळप आवाजाने आणि पुढच्या दोनचार मेंढरांना वळवून वळवावा लागतो; मागून काठी चालवली तर फक्त गोंधळ होतो. सांजेला नुसत्या नजरेने एक मेंढरू कमी आहे हे कळावे लागते. आणि लांडगा ओळखावा लागतो. लांडगा कळपाच्या मध्यावर येत नाही. तो कडेकडेने फिरतो, दमवतो, मागे राहिलेले उचलतो आणि कुत्री जमायच्या आत नाहीसा होतो.

मराठ्यांच्या गनिमी काव्याचे वर्णन याहून वेगळे काय करणार? हलका स्वार, सोबत घोंगडी आणि भाकरी, शत्रूशी समोरासमोर भिडण्याऐवजी त्याची वैरण आणि पाणी तोडणे. हा कावा मल्हाररावांनी शोधलेला नव्हे; तो शिवकालापासून चालत आला होता. पण तो अंगात मुरायला रणांगणाआधी माळ पाहिलेला असला तर सोपे जाते, एवढेच माझे म्हणणे आहे.

याचा पुरावा आमच्या जिल्ह्याच्या वेशीवरच आहे. १७२८ साली निजामाने पुण्यावर चाल केली, तेव्हा बाजीराव त्याच्या मागे धावले नाहीत. ते जालना, बऱ्हाणपूर, गुजरात असे दूरवर फिरत राहिले आणि निजामाला मागे मागे ओढत गेले. गोदावरी ओलांडताना निजामाचा जड तोफखाना मागे राहिला आणि वैजापूरजवळच्या पालखेडला त्याची फौज घेरली गेली. फारशी लढाई झालीच नाही. पाणी तुटले, दाणा तुटला आणि निजाम नमला. तह झाला तो शेवगाव तालुक्यातल्या मुंगी गावी, ६ मार्च १७२८ रोजी. या मोहिमेतल्या सरदारांत मल्हारराव होते. एवढ्या मोठ्या फौजेला न मारता कोंडायचे, तर कुठल्या ओढ्याला पाणी आहे आणि कुठला कोरडा, हे आधी ठाऊक हवे. पुस्तकात ते लिहिलेले नसते.

पुढे माळव्याची वाटणी शिंदे, पवार आणि होळकर यांच्यात झाली आणि मल्हाररावांचे बस्तान इंदूरकडे बसले. सगळेच डाव साधले असे नाही. १७३७ साली यमुना ओलांडून ते दुआबात शिरले, तेव्हा सादतखानाने त्यांना चांगलाच मार दिला. पाठीशी मोठी नदी आणि पुढे मोठी फौज, अशा जागी हलका स्वार सापडला की त्याचे काही चालत नाही. पण १७५८ साली रघुनाथरावांबरोबर हाच माणूस लाहोरपर्यंत जाऊन आला. नीराकाठच्या पोराने रावीचे पाणी पाहिले.

आणि मग पानिपत. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ उत्तरेत उतरले ते जड तोफा, यात्रेकरू, बायकामुले आणि बुणगे यांच्यासह. मल्हाररावांचा सल्ला होता की हे ओझे मागे सुरक्षित जागी ठेवावे, सडे व्हावे आणि अब्दालीला जुन्या पद्धतीने दमवावे. तो मानला गेला नाही. म्हाताऱ्या धनगराला आता काय कळणार, अशी त्यांची हेटाळणी झाल्याचेही परंपरा सांगते. म्हणजे पोरांना ऐकवली जाते तीच शिवी तेव्हाही होती!

फौज पानिपतावर तळ देऊन बसली ती दोन महिन्यांहून अधिक. गवत संपले तरी तळ हलला नाही. कोणत्याही वाड्यातल्या म्हातारीला विचारावे, गवत संपल्यावर एका जागी बसलेल्या जनावरांचे काय होते. १४ जानेवारी १७६१ ला मराठे लढायला बाहेर पडले तेव्हा माणसे उपाशी होती आणि घोडी त्याहून उपाशी. त्या दिवशी लढाई हरल्याचे दिसताच मल्हारराव आपले स्वार घेऊन निघून गेले. त्यासाठी त्यांना पळपुटे म्हटले गेले. नजीबखानाला त्यांनी आधी अभय दिले होते, त्याचा ठपकाही त्यांच्यावर आहे. तो मी पुसू पाहत नाही. ऐन लढाईत सोबत्यांना सोडून जाणे आणि वाचेल तेवढा कळप वाचवणे, यांतले काय म्हणावे यावर इतिहासकार अजून भांडतात. एवढे मात्र नोंदलेले आहे की त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, अडुसष्टाव्या वर्षी, मल्हाररावांनी मांगरोळला जयपूरच्या फौजेचा पराभव केला आणि उत्तरेत मराठ्यांचा दबदबा पुन्हा उभा राहू लागला. वाचवलेले स्वार तिथे कामाला आले.

या माणसाने सर्वात मोठे काम मात्र घरात केले. जामखेड तालुक्यातल्या सीनाकाठच्या चौंडीचे पाटील माणकोजी शिंदे यांची मुलगी अहिल्या त्यांनी सून करून आणली. वाटेवरच्या मुक्कामात, देवळात ती त्यांच्या नजरेस पडली, असे सांगतात. चांगले कोकरू कळपात ओळखणारी ती नजर! १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मुलगा खंडेराव पडला, तेव्हा त्यांनी अहिल्येला सती जाऊ दिले नाही. तिच्यावर कारभार टाकला, तोफखान्याची आणि रसदेची कामे सोपवली. २० मे १७६६ रोजी आलमपूरला मल्हारराव वारले, तेव्हा राज्य सांभाळणारा हात तयार होता.

आज त्यांच्या मागे राहिलेल्या माळाचे काय चालले आहे? गायराने आक्रसली, कालव्याखाली ऊस आला, कुठे अभयारण्याची हद्द पडली. उरलेल्या गवतावर शिरलेल्या मेंढपाळाला दंड होतो, मारही बसतो. घोड्यांच्या जागी टेम्पो येत आहेत. अलीकडे भीमथडी घोड्याची स्वतंत्र देशी जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली, ही समाधानाची गोष्ट; आणि ही जात आजवर टिकवली ती मुख्यतः या वाड्यांनीच. पण चरायला रान नसेल तर नोंदलेले घोडे कागदावरच चरणार.

वाड्यातल्या मुलांनी जन्मभर मेंढरेच वळावीत, असे मी म्हणत नाही. त्यांनी शिकावे, हवे ते व्हावे. पण त्यांच्या आईबापांना जे येते ते ज्ञान आहे, एवढे तरी आपण मान्य करावे. आपण जिल्ह्याला नाव दिले, ते योग्यच झाले. आता त्याच जिल्ह्यातून जाणाऱ्या वाड्यांना चराईच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात, गायराने मोजून राखावीत, आणि शाळेत मल्हाररावांचा धडा शिकवताना नागाचे चित्र काढून त्या जागी कळपाचे चित्र घालावे.