तारेच्या दोन टोकांची माणसं : न्या. लुई ब्रँडाइस

हॉस्टेलमध्ये खासगीपणा किती मिळतो ते आपण जाणतोच. रूममध्ये तिघं, भिंती पातळ, घरून फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचं! तरी दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये, एवढं सगळ्यांना कळतं. ही साधी गोष्ट कायद्याला पटवण्यासाठी एक माणूस झगडला आणि कोर्टात एका मताने हरला. त्यांचं नाव लुई ब्रँडाइस.

त्यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५६ चा, अमेरिकेतल्या लुइव्हिल गावचा. आईवडील प्रागहून आलेले ज्यू. हार्वर्डला कायदा शिकताना डोळे इतके बिघडले की मित्रांकडून पुस्तकं वाचून घ्यावी लागली. तरीही १८७७ मध्ये, विसाव्या वर्षी, ते पहिले आले!

पुढे वर्गमित्र सॅम्युअल वॉरन यांच्याबरोबर त्यांनी बॉस्टनला वकिली सुरू केली. १८८८ मध्ये कोडॅकचा हातात धरायचा कॅमेरा बाजारात आला. पूर्वी फोटोसाठी माणसाला स्तब्ध बसावं लागे, म्हणजे त्याची संमती गृहीतच असे. आता नकळत फोटो निघू लागले, वर्तमानपत्रं लोकांच्या घरातल्या भानगडी छापू लागली. डिसेंबर १८९० मध्ये या दोघांनी हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये लेख लिहिला. मुद्दा सरळ होता. कायदा जसा मालमत्तेला जपतो, तसं त्याने माणसाच्या खासगी आयुष्यालाही जपावं, आणि नवं यंत्र आलं की त्यानेही पुढे सरकावं.

अनेक लोकहिताचे खटले ब्रँडाइस फी न घेता लढले. त्यामुळे बडे उद्योगपती नाराज होते. १९१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांचं नाव आलं, तेव्हा चार महिने विरोध चालला. शेवटी ४७ विरुद्ध २२ मतांनी ते तिथले पहिले ज्यू न्यायाधीश झाले.

१९२८ मध्ये ओल्मस्टेड खटला आला. हा सिएटलचा माजी पोलीस अधिकारी दारूबंदीच्या काळात दारूचा मोठा धंदा करायचा. सरकारी माणसांनी त्याच्या घरात पाऊलही टाकलं नाही. रस्त्यावर आणि ऑफिसच्या तळघरात तारांना जोड देऊन त्यांनी जवळजवळ पाच महिने किमान आठ फोन ऐकले. टिपणं भरली ७७५ टाइप केलेली पानं! पाच न्यायाधीश म्हणाले, घरात कोणी घुसलं नाही, काही उचललं नाही, मग ही झडती कसली? चौघांचं मत वेगळं होतं, त्यांत ब्रँडाइस. त्यांचं म्हणणं असं की एक फोन ऐकला की तारेच्या दोन्ही टोकांची माणसं उघडी पडतात. उद्या विज्ञान असं पुढे जाईल की कपाटातले कागद न हलवताच सरकारला ते वाचता येतील. आणि गुन्हेगार पकडायला सरकारनेच कायदा मोडला, तर लोकांनी काय शिकायचं?

१९३९ मध्ये ते निवृत्त झाले, ५ ऑक्टोबर १९४१ ला वारले. त्यांचं हरलेलं मत जिंकलं १९६७ मध्ये. सार्वजनिक फोन बूथच्या एका खटल्यात कोर्टाने ठरवलं की संरक्षण जागेला नसून माणसाला आहे.

आपल्याकडेही असंच घडलं. १९६२ च्या खरक सिंग खटल्यात खासगीपणाची बाजू अल्पमतात गेली. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो मूलभूत हक्क मानला. त्या निकालात ब्रँडाइस यांच्या विचारांची चर्चा आहे.

आज ती तार समुद्राखालून जाते. आपले फोटो, मार्क, दवाखान्याचे रिपोर्ट दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवर असू शकतात. युरोपातली माहिती अमेरिकेत नेण्याचे दोन करार तिथल्या न्यायालयाने २०१५ आणि २०२० मध्ये रद्द केले. कारण? अमेरिकन सरकारच्या पाळतीपासून पुरेसं संरक्षण नाही. म्हणजे ब्रँडाइस यांच्याच देशाबद्दलची शंका! आपल्या २०२३ च्या कायद्यानुसार, केंद्र सरकारने मनाई केलेले देश सोडून माहिती बाहेर नेता येते. सरकारी यंत्रणांना मात्र त्यात मोठ्या सवलती आहेत.

मित्रांनो, असे सर्व्हर उद्या आपल्यातलेच कोणीतरी चालवणार आहेत. माहिती कुठे ठेवायची, हे ठरवताना ती कोणाची आहे आणि त्याला विचारलंय का, हेही त्याच मीटिंगमध्ये विचारायला हवं. तिथे आपण अल्पमतात असलो तरी.