गॅलिलिओचे अखेरचे पुस्तक

दुर्बिणीतून गुरूचे चार उपग्रह पाहणारा गॅलिलिओ कोणाला ठाऊक नाही? परंतु लहान वस्तू मोठी केली असता तिचे काय होते, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा त्याने आयुष्यभर पाठपुरावा केला, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते.

इटलीतील पिसा नगरात 15 फेब्रुवारी 1564 रोजी त्याचा जन्म झाला. वडील संगीतशास्त्राचे जाणकार होते. पण घरात पैशाची सदैव चणचण. मुलाने वैद्य व्हावे, या इच्छेने त्यांनी त्याला विद्यापीठात धाडले. तेथे युक्लिडच्या भूमितीवरील व्याख्याने त्याच्या कानी पडली आणि वैद्यकावरचे त्याचे मन उडाले. पदवी न घेताच 1585 साली तो घरी परतला.

1588 साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, फ्लॉरेन्सच्या विद्वत्सभेने त्याला एका विलक्षण विषयावर बोलण्यास पाचारण केले. महाकवी दान्ते याने आपल्या काव्यात वर्णिलेला नरक केवढा असेल, हा तो विषय! एवढ्या अफाट पोकळीचे छत कोसळत कसे नाही, या शंकेला तरुण गॅलिलिओने उत्तर दिले की, लहान घुमटाची जाडी त्याच्या रुंदीच्या ज्या प्रमाणात असते, त्याच प्रमाणात या छताची जाडी धरली म्हणजे झाले. श्रोत्यांना हे पटले. उत्तर मात्र चुकीचे होते.

पुढे 1592 मध्ये तो पादुआच्या विद्यापीठात गणिताचा अध्यापक झाला. वडील वारले होते, बहिणींच्या हुंड्याचा भार शिरावर होता. म्हणून अध्यापनाला जोड म्हणून तो उपकरणे करून विकू लागला. त्यांतील एक प्रमाण-कंपास. दोन पितळी भुजा एका टोकाला बिजागरीने जोडलेल्या, आणि दोहोंवर सारख्याच खुणा. भुजा उघडल्या की बिजागरीपाशी समरूप त्रिकोण तयार होत, आणि कोणतीही आकृती हव्या त्या प्रमाणात लहानमोठी करता येई. या कंपासावर निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळ्या रेषा होत्या. क्षेत्रफळाच्या रेषेवर एखाद्या खुणेच्या दुप्पट अंतरावर चौपट आकडा असे, तर घनफळाच्या रेषेवर तेवढ्याच अंतरावर आठपट! तोफगोळ्याचा व्यास दुप्पट केला तर वजन आठपट होते, हे तोफखान्याच्या अधिकाऱ्याला गणित न करता कळे. 1606 साली या कंपासाच्या उपयोगाविषयी त्याने पुस्तिका छापली. प्रती अवघ्या 60.

व्हेनिसची जहाजे बांधण्याची गोदी तेथून दूर नव्हती. मोठे जहाज पाण्यात लोटण्यापूर्वी त्याला लहान जहाजापेक्षा कितीतरी अधिक आधार द्यावे लागतात, नाहीतर ते स्वतःच्याच भाराने मोडेल, असे तेथील जाणते कारागीर सांगत. दोन्ही जहाजांचे लाकूड तेच, आकार तोच, प्रमाणेही तीच. मग मोठे दुबळे का?

याचे उत्तर कागदावर काढून पाहण्याजोगे आहे. मातीचा एक घन घ्या. बाजू 10 सेंटिमीटर. त्याच्या तळाचे क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर आणि घनफळ 1000 घन सेंटिमीटर. आता प्रत्येक बाजू शेकडा 10 वाढवा, म्हणजे 11 सेंटिमीटर करा. तळ होईल 121, घनफळ 1331. बाजू शेकडा 10 वाढली, क्षेत्रफळ शेकडा 21 आणि घनफळ शेकडा 33.1. पूर्वी तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 10 घन सेंटिमीटर मातीचा भार होता, तो आता 11 झाला. बाजू दुप्पट केली, तर तो 20 होईल. खांबाचे किंवा हाडाचे बळ त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. वजन मात्र घनफळाबरोबर वाढते. आकार तोच ठेवून वस्तू मोठी करीत गेले, की बळ मागे पडते आणि भार पुढे धावतो. नरकाचे ते छत याच नियमाने कोसळले असते!

हा विचार गॅलिलिओने नीट लिहून काढला तो मात्र फार उशिरा, आणि फार कठीण काळी. पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मताची बाजू मांडणारा त्याचा ग्रंथ 1632 साली निघाला. त्याबद्दल रोममध्ये धर्मन्यायालयापुढे चौकशी होऊन 1633 साली त्याला आपले मत सोडल्याची शपथ घ्यावी लागली. पुढील आयुष्य फ्लॉरेन्सजवळच्या अर्चेत्री गावी नजरकैदेत गेले. पुस्तके छापण्यासही बंदी झाली. त्याची लाडकी कन्या मारिया चेलेस्ते 1634 मध्ये निवर्तली. एखादा हात जोडून बसला असता. हा वृद्ध लिहीत राहिला. गोदीतील त्या कारागिरांपासूनच त्याने ग्रंथाला आरंभ केला.

घोडा तीन-चार हात उंचीवरून पडला तर त्याची हाडे मोडतात, मांजर त्याहून अधिक उंचीवरून पडूनही सुखरूप राहते. लहान कुत्रा आपल्याएवढी दोन-तीन कुत्री पाठीवर वाहील, घोड्याला मात्र आपल्याएवढा एक घोडाही पेलणार नाही, असे त्याने त्यात दाखवून दिले. एका हाडाचे चित्रही काढले. त्याच्या शेजारी तिप्पट लांबीचे, तेच काम करू शकेल असे हाड. पण ते इतके जाडजूड आणि बेढब की, ओळख पटू नये. राक्षसाला माणसाचाच बांधा देऊन चालणार नाही, हे त्या चित्रावरून चटकन ध्यानी येते. माझ्या मते या ग्रंथाची योग्यता दुर्बिणीच्या शोधाहून तिळमात्र कमी नाही.

इटलीत छपाई अशक्य होती. हस्तलिखित हॉलंडमधील लायडन नगरीच्या एल्झेविर या प्रकाशकाकडे पोहोचले आणि 1638 साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. तोवर गॅलिलिओच्या दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली होती. छापलेले पुस्तक हाती आले, पण त्याला ते वाचता आले नाही.

तरीही काम थांबले नाही. तरुण विव्हियानी त्याच्यापाशी राहून लेखनिकाचे काम करी. 1641 साली तोरिचेल्लीही येऊन मिळाला. 8 जानेवारी 1642 रोजी गॅलिलिओने देह ठेवला. त्याच्या थोडेच महिने आधी तो तोरिचेल्लीला त्या ग्रंथात घालण्याचे एक नवे प्रकरण सांगत होता. विषय होता, युक्लिडने केलेली प्रमाणाची व्याख्या.