नीरेची पारख

मुंबईतील ताडदेव, दादर, माहीम या भागांत एके काळी ताडामाडांच्या वाड्या होत्या. भंडारी लोक झाडावर चढून फुलोऱ्याला छेद देत आणि तेथे मडके बांधीत. रात्रभर त्यात थेंब थेंब रस साचे. सूर्योदयापूर्वी उतरविलेला हा गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढले की ती आंबते व तिची ताडी होते. ताडीची बदनामी मग बिचाऱ्या नीरेच्याही वाट्याला येई! या रसात खरोखर काय आहे, हे रसायनशाळेत शोधून काढले कमलाबाई सोहोनी यांनी.

कमलाबाई माहेरच्या भागवत. विदुषी दुर्गाबाई भागवत यांच्या धाकट्या भगिनी. वडील नारायणराव रसायनशास्त्रज्ञ होते व बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले होते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी मिळाल्यावर कमलाबाईंनीही त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक होते जगद्विख्यात सर चंद्रशेखर व्यंकट रामन. अर्ज करणारी स्त्री आहे, एवढ्याच कारणास्तव त्यांनी तो फेटाळला. मोठी माणसेही कधी कधी पारख न करताच निकाल देतात! कमलाबाई थेट बंगलोरला जाऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. अखेर, वर्षभर काम पाहून मगच ते मान्य करू, अशा अटीवर प्रवेश मिळाला. ती अट त्यांना फार बोचली. तथापि त्यांनी काम असे चोख केले, की रामन यांचे समाधान झाले आणि पुढे येणाऱ्या मुलींचीही वाट मोकळी झाली. केंब्रिज विद्यापीठाने १९३९ साली त्यांना डॉक्टरेट दिली.

१९४७ मध्ये विवाह होऊन त्या मुंबईस आल्या व फोर्टातील विज्ञानसंस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. तेथे राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचे परीक्षण हाती घेतले. मुलांनो, जीवनसत्त्व काही डोळ्यांना दिसत नाही. 'क' जीवनसत्त्व मोजण्याची एक रीत अशी : निळ्या रंगद्रव्याच्या मोजून घेतलेल्या द्रावणात रस थेंबाथेंबाने सोडावयाचा. रंग उडून जाण्यास रस जितका कमी लागेल, तितके जीवनसत्त्व त्यात अधिक. नीरेत 'अ' आणि 'क' जीवनसत्त्वे व लोह आहे, आणि ती आटवून गूळ केला तरी हे गुण टिकतात, असे कमलाबाईंनी दाखविले. आदिवासी भागांतील कृश मुलांना व गरोदर स्त्रियांना नीरा दिली, तेव्हा त्यांची प्रकृती सुधारली. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले.

पुढे त्या विज्ञानसंस्थेच्या संचालिका झाल्या. १९६६ मध्ये मुंबईतील काही स्त्रियांनी ग्राहकांसाठी एक संस्था काढली. तिच्या कामातही कमलाबाई रमल्या, आणि बाजारातील जिनसांत होणाऱ्या भेसळीविषयी गृहिणींना समजेल अशा भाषेत लेख लिहू लागल्या.