टिळकांची पेन्सिल आणि कैद्याचा झाडू

बाळ गंगाधर टिळक यांच्याशी आपल्या चळवळीचे कधी जमले नाही. १९१८ साली मुंबईच्या अस्पृश्यता निवारण परिषदेत त्यांनी जोरदार भाषण केले, पण जाहीरनाम्यावर सही केली नाही. तरीही तुरुंगातील कामाचा प्रश्न निघाला की त्यांचे चरित्र वकिलाच्या नजरेने वाचावे लागते.

१८५६ साली रत्नागिरीत जन्मलेला हा कायद्याचा पदवीधर तीनदा तुरुंगात गेला. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात आगरकरांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. १८९७ साली राजद्रोहाबद्दल दीड वर्ष सक्तमजुरी. तेव्हा वाट्याला काथ्याचे काम आले आणि प्रकृती पार ढासळली. मॅक्सम्युलरचा ऋग्वेद हाती आला, रात्री काही तास वाचनाची परवानगी मिळाली आणि माणूस सावरला. त्या वाचनातूनच १९०३ चा आर्यांच्या मूलस्थानावरचा ग्रंथ निघाला.

२२ जुलै १९०८ रोजी मुंबई हायकोर्टात न्या. दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. परळ-लालबागचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. याच गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने म्हणे विटाळ होई! कामाची जात तुरुंगाबाहेरही होतीच.

पुढे ती शिक्षा साध्या कैदेत बदलली. मंडालेला टिळकांना शेकडो पुस्तके मिळाली, स्वयंपाकाला ब्राह्मण कैदी मिळाला. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलने गीतारहस्य लिहून काढले. त्यातले विचार आपल्याला मान्य नाहीत. पण मधुमेहाने पोखरलेला, कोठडीत असतानाच पत्नी गमावलेला हा माणूस १९१४ साली ताठ मानेने बाहेर आला आणि १९२० साली मरेपर्यंत राजकारण करत राहिला, त्यात त्या कामाचा मोठा वाटा होता.

मग प्रश्न उरतो तो बाकीच्या कैद्यांचा. त्यांना पेन्सिल कोणी दिली? अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत स्वयंपाक वरच्या जातींना आणि सफाई खालच्या जातींना, अशी वाटणी स्वातंत्र्यानंतरही छापलेली राहिली. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ती घटनाबाह्य ठरवली, कलम १७ आणि २३ चा आधार घेऊन. म्हणजे बाबासाहेबांची घटना तुरुंगाच्या भिंतीआड पोहोचायला पाऊणशे वर्षे लागली.

नियमावल्या बदलायला राज्यांना तीन महिने दिले होते. आपल्या जिल्ह्यातील तुरुंगात सुतारकाम, शिवणकाम कोणाला मिळते आणि संडास कोण धुतो, हे आपल्या वकील मित्रांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून विचारावे.