रँग्लर परांजपे आणि पंचाहत्तर रुपये

सुट्टीत घरी गेलो की एक प्रश्न ठरलेला असतो. या दिवाळीत तो मामांनी विचारला. गणितात इतके चांगले गुण आहेत, मग सैन्यात कशाला जातोस? इंजिनीअर झालास तर कितीतरी जास्त पगार मिळेल. मला पटकन उत्तर सुचले नाही. आजोबांनीही माझी बाजू घेतली नाही, फक्त एका माणसाची हकिकत सांगितली. तो माणूस आमच्याच दापोली तालुक्यातला. शाळेत परतल्यावर मी ग्रंथालयात त्यांच्याविषयी आणखी वाचले.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी मुर्डी या खेड्यात झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे त्यांचे नातेवाईक. गावातल्या या हुशार मुलाच्या शिक्षणाची काळजी कर्व्यांनी वाहिली. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात परांजपे शिकले, तेव्हा गणित शिकवायलाही कर्वेच होते.

सरकारी शिष्यवृत्ती मिळवून १८९६ मध्ये ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले. तिथल्या गणिताच्या शेवटच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणत आणि सर्वांत पहिला येणारा तो सीनियर रँग्लर. १८९९ मध्ये एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने परांजपे पहिले आले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. देशभर त्यांचे नाव झाले.

खरी परीक्षा इथून पुढे होती. फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होण्याचे त्यांनी विलायतेला जाण्यापूर्वीच कबूल केले होते. आजीव सदस्याने वीस वर्षे शिकवायचे आणि महिना ७५ रुपये घ्यायचे, असा नियम होता. सरकारी नोकरीत याच्या कितीतरी पट पगार मिळाला असता. शब्द दिला तेव्हा ते एक हुशार विद्यार्थी होते, पाळायची वेळ आली तेव्हा सीनियर रँग्लर होते. तरी ते परतले. १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी सव्वीस वर्षांचे परांजपे प्राचार्य झाले.

पुढची जवळजवळ दोन दशके त्यांनी कॉलेजचा कारभार पाहिला. प्राचार्यांच्या खोलीत बसून राहिले नाहीत, गणिताचे तास घेत राहिले. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरूही परांजपेच झाले. लहानपणी ज्यांनी हात धरला, त्यांच्या कामाला त्यांनी असा हात दिला.

नंतर ते मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते, १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर होते. वयाच्या ऐंशीव्या वर्षी, १९५६ मध्ये, त्यांनी पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद स्वीकारले. आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला त्यांनी क्रिकेटच्या भाषेत ‘एटी फोर नॉट आउट’ असे नाव दिले. ६ मे १९६६ रोजी, नव्वदाव्या वर्षी ते गेले.

सगळी पदे वाचून झाल्यावरही माझ्या मनात राहिले ते ७५ रुपयेच. सैन्यातला पगार काही तसा तुटपुंजा नाही, त्यामुळे मी त्यांच्याशी बरोबरी सांगत नाही. पण आमच्यापैकी प्रत्येकाने इथे येताना घरच्यांना आणि स्वतःला एक शब्द दिला आहे. तेव्हा आम्ही लहान होतो, समोर दुसरी वाट नव्हती. आता बारावीत गुण चांगले पडू लागले, वाटा दिसू लागल्या. शब्दाची किंमत आत्ताच कळते.

परवा फोनवर मामांना ही हकिकत सांगितली. ते हसले आणि म्हणाले, अजून विचार कर. विचार केला आहे. एनडीएचा अर्ज मी भरला आहे.