मुक्या जिवांचे दुखणे उजेडात आणणारे राँटगेन

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरील केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. वाहनाची धडक बसून लंगडत आलेले कुत्रे किंवा खड्ड्यात पाय अडकलेला बैल पशुवैद्यकापुढे उभा केला जातो, तेव्हा पहिला प्रश्न असतो तो हाड मोडले की नुसता मुका मार लागला, हा. माणूस आपले दुखणे निदान बोलून दाखवतो. जनावराला ती सोय नाही. या मुक्या वेदनेला ज्यांच्या शोधामुळे वाचा फुटली, ते क्ष-किरणांचे जनक विल्हेल्म कॉनराड राँटगेन.

राँटगेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप या गावी, कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी झाला. बालपण हॉलंडमध्ये गेले. उट्रेख्त येथील शाळेत एका शिक्षकाचे व्यंगचित्र दुसऱ्याच विद्यार्थ्याने काढले होते. त्याचे नाव सांगण्यास राँटगेन यांनी नकार दिला आणि त्यांनाच शाळेतून काढून टाकण्यात आले. पुढे झुरिच येथे त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १८६९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. १८७५ मध्ये ते होहेनहाइम येथील कृषी अकादमीत प्राध्यापक होते. स्ट्रासबुर्ग आणि गिसेन येथे अध्यापन करून १८८८ मध्ये ते व्युर्झबुर्ग विद्यापीठात आले.

तेथेच ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या नळीतून विजेचा प्रवाह सोडला असता, दूर ठेवलेला रासायनिक लेपाचा पडदा चमकताना त्यांना दिसला. पुढील कित्येक आठवडे त्यांनी स्वतःला प्रयोगशाळेत कोंडून घेतले. त्या अज्ञात किरणांना त्यांनी गणितातील अज्ञात राशीचे चिन्ह दिले. २२ डिसेंबर रोजी पत्नी बर्था यांचा हात सुमारे पंधरा मिनिटे काचेवर ठेवून त्यांनी छायाचित्र घेतले. त्यात हाताची हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट उमटली.

ही वार्ता जगभर पसरली. १८९६ मध्येच लंडन आणि बर्लिन येथील पशुवैद्यकांनी घोड्यांवर हे किरण वापरून पाहिले. घोड्याचे धड जाड असल्याने त्या काळातील दुबळ्या किरणांना ते भेदता येत नसे. म्हणून पाय आणि खूर यांचीच चित्रे प्रथम घेतली गेली. शिवाय जनावर मिनिटे न् मिनिटे स्थिर उभे राहणार कसे, ही अडचण होतीच. आज चित्र क्षणार्धात निघते. तरीही बिथरलेल्या जनावराला गुंगीचे औषध द्यावे लागते आणि त्याला धरणाऱ्याला शिशाचा अॅप्रन घालावा लागतो. या किरणांचा धोका ठाऊक नसल्यामुळे आरंभीच्या अनेक संशोधकांनी बोटे, हात आणि प्राणही गमावले.

पशुवैद्यकांना हा शोध इतक्या लवकर वापरता आला, याचे एक कारण राँटगेन यांच्या निर्णयात आहे. त्यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. विज्ञानाचे फळ साऱ्या मानवजातीचे आहे, अशी त्यांची धारणा होती. १९०१ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची रक्कम त्यांनी व्युर्झबुर्ग विद्यापीठाला दिली. नावामागे लावावयाची सरदारकीची उपाधीही त्यांनी नाकारली.

उत्तरायुष्य मात्र खडतर ठरले. १९१९ मध्ये बर्था यांचे निधन झाले. पहिल्या महायुद्धानंतरच्या भीषण चलनवाढीत त्यांची पुंजी विरघळली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिक येथे आतड्याच्या कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्यानंतर सोनोग्राफी आली, सीटी स्कॅन आले. कुत्रीच्या पोटातील पिले जन्मापूर्वी दिसू लागली. नागपूर येथे १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु पांढरकवड्याहून मोडक्या पायाचा बैल गाडीत चढवून सुमारे दीडशे किलोमीटर नेणे सोपे नाही. भाडे परवडत नाही आणि प्रवासात हाड आणखी सरकण्याची भीती असते. राँटगेन यांनी आपल्या शोधाचे मोल घेतले नाही. तो शोध गोठ्याच्या जवळ पोहोचवण्याचे काम मात्र पुढच्यांचे आहे.